चार रंधे, नऊ महिने: कोणता कशाला लागतो

गेल्या जुलैत बाल्कनीचं दार फुगून चौकटीत अडकायला लागलं, म्हणून पहिला रंधा घेतला. लोखंडी, नंबर 4, जेमतेम दहा इंच लांब. दार मोकळं झालं, आणि मला वाटलं आता काहीही रंधता येईल.

जुन्या सागवानी फळ्या जोडून बाक करायला घेतलं तेव्हा अडलो. हात फिरवला तर काठ गुळगुळीत, पण दोन काठ एकमेकांवर ठेवून उजेडासमोर धरले की मध्ये फट. कारण साधं आहे. आखूड रंधा खळग्यात उतरतो आणि तिथलंही लाकूड काढतो. लांब रंधा उंचवट्यांवर टेकून पुढे जातो. म्हणून नंबर 5 आणला, 14 इंची. पहिले चार-पाच हात सालपट तुकड्यातुकड्यांनी निघतं, मग तुकडे लांबत जातात, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड रिबीन सुटली की समजायचं, काठ सरळ झाला. तो क्षण मला अजूनही थांबून बघावासा वाटतो. मोठ्या टेबलासाठी 22 इंची नंबर 7 असतो. माझ्या कामाला तो लागला नाही. हे नंबर स्टॅनली या अमेरिकन हत्यार कंपनीच्या जुन्या क्रमांकांवरून आले आहेत. रंधे बनवणाऱ्या लिओनार्ड बेलीची पेटंटं स्टॅनलीने 1869 मध्ये घेतली, आणि आजही बहुतेक लोखंडी रंधे त्याच घडणीचे असतात.

माझ्या नंबर 5 चा तळ तोंडापाशी, म्हणजे पातं बाहेर येतं त्या फटीपाशी, खोलगट आला होता. जाड काचेवर 120 चा पॉलिश पेपर चिकटवला, तळावर पेन्सिलने रेघा मारल्या आणि त्या सगळ्या पुसल्या जाईपर्यंत घासत बसलो. दोन संध्याकाळी गेल्या. पात्याची धारही लावूनच घ्यावी लागते. सागात सिलिका (वाळूत असते तीच) असते, त्यामुळे धार लवकर बोथट होते. तासाभराने धारेच्या दगडाकडे वळायची सवय ठेवा. गाठीजवळ लाकूड उचकटत असेल तर पात्यावरची टोपी (पात्याला वरून जोडलेली लोखंडी पट्टी) धारेपासून अर्ध्या मिलिमीटरपर्यंत पुढे घ्या आणि फळी उलटी फिरवून बघा.

तिसरा रंधा ब्लॉक प्लेन, तो एका हातात मावतो. त्याच्या पात्याचा उतार, म्हणजे धारेसाठी तिरका घासलेला भाग, वरच्या बाजूला असतो. फळीच्या टोकाचा आडवा छेद साफ करायला माझ्याकडे याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. फक्त दोन्ही बाजूंनी मध्याकडे या, नाहीतर पलीकडची कड फुटते.

चौथा रंधा लाकडी, आमच्या सुतारकाकांनी दिलेला. त्याला स्क्रू नाही, नुसती पाचर. पात्याच्या डोक्यावर हातोडी टेकवली की पातं खाली येतं, रंध्याच्या मागच्या टोकावर ठोकलं की वर जातं. "डोळ्याने नको बघूस, आवाज ऐक," काका म्हणाले. खरखर झाली की पातं जास्त बाहेर आहे. हा लोखंडीपेक्षा हलका आहे आणि लाकडावर सहज सरकतो, त्यामुळे दिवसभराच्या कामाला मी हाच उचलतो. पहिल्यांदाच घेणाऱ्याने मात्र नंबर 5 आणि ब्लॉक प्लेन घ्यावा. नंबर 4 नंतर घेतला तरी चालतो.

ते बाल्कनीचं दार हिवाळ्यात आकसलं आणि रंधलेल्या बाजूला फट दिसायला लागली. फुगलेल्या मापावर मी जास्तच लाकूड काढलं होतं, शिवाय काठ कोरा सोडला होता. आता त्या काठावर एक पट्टी चिकटवली आहे. पाऊस यायच्या आत ती नंबर 5 ने उतरवून लगेच पॉलिश मारणार आहे.