सशांची जोडी जमवताना: आधी ऑपरेशन की आधी ओळख?

घरात दोन ससे ठेवायचे ठरले की जोडी कोणती निवडावी आणि नसबंदीचे ऑपरेशन केव्हा करावे, हे दोन प्रश्न बरोबरच येतात आणि त्यांचा विचारही बरोबरच करावा लागतो. सशांचे आपसांतले वागणे बऱ्याच अंशी हार्मोन्सवर चालते. त्यामुळे दोन महिन्यांची असताना एकमेकांच्या अंगावर झोपणारी पिल्ले चार-पाच महिन्यांची झाली की एकमेकांच्या अंगावरचे केस उपटू लागतात. मुंबईच्या वन बीएचकेमध्ये भांडणाऱ्या दोन सशांना कायमचे वेगळे ठेवायला दुसरी खोली नसते, म्हणून हा निर्णय ससे आणण्यापूर्वीच घेणे बरे.

जोडीपुरते पाहिले तर नसबंदी झालेला नर आणि नसबंदी झालेली मादी ही जोडी सर्वांत सहज जमते आणि टिकतेही. दोन माद्या जमू शकतात, विशेषतः सख्ख्या बहिणी असतील तर. मात्र मादी आपल्या जागेबद्दल फार आग्रही असते, त्यामुळे वेळ अधिक द्यावा लागतो. दोन नर हा सर्वांत कठीण पर्याय आहे. दोघांचेही ऑपरेशन झाले नसेल, तर हा पर्याय विचारातच घेऊ नये, कारण नरांच्या भांडणातल्या जखमा खोल असतात आणि त्या बहुधा जननेंद्रियांवर किंवा पोटाखाली होतात. ‘दोन्ही माद्याच आहेत’ या विक्रेत्याच्या सांगण्यावर मात्र विसंबू नये. लहान पिल्लांचे लिंग ओळखणे अवघड असते; डॉक्टरांकडून खात्री करून घेतल्याशिवाय दोघांना एकत्र सोडू नये. मादीचा गर्भकाळ साधारण 31 दिवसांचा असतो आणि व्याल्यानंतर त्याच दिवशी ती पुन्हा गाभण राहू शकते, हे एवढे कारण पुरेसे आहे.

आता वयाचा प्रश्न. नराचे वृषण साधारण 10 ते 12 आठवड्यांत खाली उतरतात. त्यानंतर, बहुतेक डॉक्टरांच्या मते साडेतीन-चार महिन्यांच्या सुमारास, ऑपरेशन करता येते. ते तुलनेने छोटे असते आणि नर एक-दोन दिवसांत पूर्ववत खाऊ लागतो. येथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: ऑपरेशननंतरही नर सुमारे सहा आठवडे प्रजननक्षम राहू शकतो. तेवढा काळ त्याला नसबंदी न झालेल्या मादीजवळ सोडणे म्हणजे ऑपरेशन करूनही पिल्लांना निमंत्रण देणे.

मादीचे ऑपरेशन पोट उघडून करावे लागते, त्यामुळे ते मोठे असते आणि खर्चही जास्त येतो. साधारण पाच-सहा महिन्यांचे वय त्यासाठी सोयीचे मानतात. ‘नराचे झाले आहे, आता पिल्ले होणार नाहीत, मग तिला कशाला त्रास?’ असा विचार पुष्कळ घरांत होतो, आणि त्याला माझा ठाम विरोध आहे. नसबंदी न झालेल्या माद्यांमध्ये तीन-चार वर्षांच्या वयानंतर गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे असते, आणि तो बराच पसरेपर्यंत बाहेरून काही दिसत नाही. शिवाय अशी मादी खोट्या गर्भधारणेतून जाते. गळ्याखालचे केस उपटून घरटे करते आणि त्या दोन-अडीच आठवड्यांत जोडीदाराला जवळ येऊ देत नाही. पैशांअभावी एकाचेच ऑपरेशन आत्ता शक्य असेल तर आधी नराचे करावे, परंतु मादीचे पुढे ढकलावे, रद्द करू नये.

क्रमाचे दोन पर्याय उरतात. पिल्ले लहानपणीच एकत्र ठेवून पुढे ऑपरेशन करणे सोपे वाटते, पण वयात येताना ती जोडी बहुधा मोडते आणि एकदा झालेले मोठे भांडण ससे सहज विसरत नाहीत. दुसरा मार्ग म्हणजे तीन महिन्यांच्या आतच जाळीच्या दोन बाजूंना ठेवणे, दोघांचे ऑपरेशन करणे, हार्मोन्स ओसरायला सहा ते आठ आठवडे देणे आणि मगच ओळख करून देणे. वेळ लागतो, तरीही मी हाच मार्ग सुचवेन. दोन जाळ्यांमध्ये चार बोटांचे अंतर मात्र हवेच, नाहीतर नाकाला चावा बसतो. मधल्या काळात लिटर ट्रे अदलाबदल करावेत, म्हणजे एकमेकांच्या वासाची सवय होते.

ओळखीसाठी जागा दोघांपैकी कोणाचीही नसावी. फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांचा हॉल किंवा एरवी सशांना बंद असलेली खोली चालते. गुळगुळीत टाइल्सवर ससे घसरतात आणि घाबरतात, म्हणून आधी सतरंजी अंथरावी, मधोमध सुक्या गवताचा ढीग ठेवावा आणि आपण जाड हातमोजे घालून जमिनीवर बसावे. एकाने दुसऱ्यावर चढणे किंवा थोडा पाठलाग करणे हे वर्चस्व ठरवण्याचे काम आहे, ते होऊ द्यावे. तोंडाकडून चढल्यास मात्र लगेच बाजूला करावे, कारण तेथे चाव्याचा धोका असतो. कान मागे चिकटलेले, शेपटी ताठ आणि दोघे एकमेकांभोवती वेगाने गोल फिरू लागले, तर पुढच्या क्षणी भांडण होणार असे समजून त्यांना तत्काळ वेगळे करावे. एकाने डोके खाली घालून दुसऱ्याकडून चाटून घेतले की अर्धे काम झाले. गाडीत घालून फिरवणे वगैरे घाबरवून जवळ आणण्याचे उपाय टाळावेत. भीतीने चिकटून बसलेले ससे मित्र झालेले नसतात.

मुंबईत ऋतूचाही हिशेब करावा लागतो. सशांना घाम येत नाही; तापमान 28-30 अंशांच्या वर गेले की उष्माघाताचा धोका वाढतो, तर पावसाळ्यात माशा जखमेवर किंवा ओल्या मागच्या भागावर अंडी घालतात. म्हणून शक्य असेल तेथे ऑपरेशन डिसेंबर ते फेब्रुवारीत बसवावे. नर एप्रिलमध्येच वयात आला तर थंडीची वाट पाहू नये. गार खोलीची सोय करावी.

डॉक्टर निवडताना सशांची ऑपरेशने ते नियमित करतात का, हे स्पष्ट विचारावे. ‘रात्रीपासून उपाशी ठेवा’ असे कोणी सांगितले तर दुसरे डॉक्टर शोधावेत: ससे उलटी करू शकत नाहीत, आणि उपासाने त्यांचे आतडे थांबते. घरी येताना वेदनाशामक औषध हवेच, आणि 12 तासांत ससा खाऊ लागला नाही किंवा लेंड्या दिसल्या नाहीत तर त्याच दिवशी परत न्यावे. जोडी आधीच जमलेली असेल तर दोघांनाही एकाच पेटीतून न्यावे, कारण एकटाच जाऊन दवाखान्याचा वास घेऊन परतलेल्या सशाला जोडीदार कधी कधी परका समजून हाकलतो.