हाँगकाँगच्या डाय पाय डाँगवर आठ महिने जेवल्यावर

नोकरीसाठी इथे येऊन आठ महिने झाले. घरातलं किचन म्हणजे एक शेगडी आणि हात धुवायला सिंक, त्यामुळे आठवड्याचे तीन-चार दिवस रात्रीचं जेवण बाहेरच. ऑफिसची मंडळी एसी मॉलमध्ये जातात, मला मात्र नाद लागला डाय पाय डाँगचा, म्हणजे रस्त्यावरचे हिरव्या पत्र्याचे जुने स्टॉल, पुढ्यात घडीची टेबलं आणि प्लास्टिकची स्टुलं. नावाचा अर्थ 'मोठ्या लायसन्सवाला स्टॉल', लायसन्सचा कागद आकाराने मोठा आणि तो दिसेल असा लावावा लागायचा म्हणून. आता सेंट्रल, शाम शुई पो अशा भागांत मोजकेच उरलेत, बाकी बरेचसे मंडईच्या इमारतीत वर हलवले, खाली मासळीबाजार आणि वर जेवण.

चवीचं सगळं श्रेय जाळाला. शाम शुई पोला एका स्टॉलवर मी मुद्दाम आचाऱ्याच्या बाजूला बसतो. हा माणूस गुडघ्याने लिव्हर ढकलून गॅस कमी-जास्त करतो कारण दोन्ही हात वॉक (खोलगट चिनी कढई) आणि पळीत गुंतलेले, जाळ भसकन वॉकच्या काठावरून आत येतो, आणि दोन-तीन मिनिटांत तिसऱ्या (शिंपल्या) तोंड उघडून तयार! आंबवलेलं काळं सोयाबीन, लसूण, मिरची, बास. त्या धुरकट वासाला इथे वॉक हेई म्हणतात, आणि पार्सल घरी नेलं की तो वाटेतच मरतो, दोनदा करून पाहिलंय. मीठ-मिरीतलं तळलेलं माकूल (स्क्विड) पण भारी, आमच्या मालवणात असं कुणी करत नाही याचं वाईट वाटतं.

पहिल्या दिवशी टेबलावर गरम चहा आणि एक प्लास्टिकचं भांडं आलं, मी आपला चहा प्यायलो. समोरच्या अनोळखी आजोबांनी (टेबल शेअर करावंच लागतं) हसत माझी वाटी आणि चॉपस्टिक्स त्या चहाने विसळून दिल्या. त्यासाठीच असतो तो!

आता तक्रारी. एका ठिकाणी बोर्डावर माशापुढे आकडाच नव्हता, 'बाजारभाव' असं चिनीत लिहिलेलं, मी न विचारता मान हलवली आणि बिल बघून घाम फुटला. भाव कॅटीवर असतो, एक कॅटी साधारण ६०५ ग्रॅम, तेव्हा आधी वजन आणि भाव दोन्ही विचारा. व्हेज लोकांचे तर हालच. आई आली होती तेव्हा वांगं मागवलं, त्यात डुकराचा खिमा निघाला, बिचारी नुसता भात खाऊन उठली. पालेभाजीतही ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस असतो. पोर्क नको असेल तर वान चायजवळ बोरिंग्टन रोडच्या मंडईत वर वाय की नावाचा हलाल स्टॉल आहे, बदक आणि मटण करी, मी महिन्यातून दोनदा तरी जातो.

सर्व्हिस म्हणाल तर कुणी गोड बोलत नाही. मावशी प्लेट आपटतात, पण 'म गोय' म्हटलं की वळून बघतात, 'माय दान' म्हटलं की बिल येतं. जुलै-ऑगस्टमध्ये घामाच्या धारा लागतात, थंडीत मातीच्या भांड्यातला भात मिळतो, त्याची तळाची खरपूड मी चमच्याने खरवडून खातो. रोख पैसे ठेवा, सात वाजायच्या आत पोचा, रविवारी बरेच बंद असतात, आणि टिश्यू स्वतःचे न्या.