सोलरक्लाउडमधलं रेप्लिकेशन: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या शोधाचा सगळा भार अपाची सोलर या शोध-सर्व्हरच्या क्लाउड मोडवर (इंडेक्स अनेक सर्व्हरवर वाटून ठेवण्याच्या पद्धतीवर) येऊन आता बरेच महिने झाले. इंडेक्स मोठा आहे, त्यात दिवसभर बदल येत राहतात, आणि वाचणारे लिहिणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. मत आधीच सांगून टाकतो: सर्व्हर भक्कम आहे, मी तो पुन्हा निवडेन. पण रेप्लिकेशन, म्हणजे इंडेक्सच्या प्रती (रेप्लिका) एकसारख्या ठेवणं, आतून कसं चालतं हे माहीत नसेल तर तो तुम्हाला रात्री जागवेल. शोधाच्या सुविधांवर भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून इथे फक्त रेप्लिका मागे का पडतात आणि तेव्हा कुठे बघायचं, एवढंच.

रेप्लिका 'रिकव्हरिंग'मध्ये अडकलेली दिसली की हात आधी रीस्टार्टकडे जातो. तो आवरा. सोलर आधी स्वस्तातला मार्ग बघतो: रेप्लिका थोडीच मागे असेल तर राहिलेले बदल लीडरच्या (बदल आधी घेणाऱ्या मुख्य रेप्लिकेच्या) ट्रान्झॅक्शन लॉगमधून, म्हणजे आलेल्या बदलांच्या नोंदवहीतून, उचलतो. याला पीअरसिंक म्हणतात. पण डीफॉल्टनुसार हा हिशेब शेवटच्या 100 नोंदींपुरताच असतो, आणि सतत इंडेक्सिंग चालू असेल तर 100 नोंदी म्हणजे काही सेकंदांचं काम. त्यापलीकडे गेलं की लीडरकडून सेगमेंट फाइल्सची (इंडेक्स ज्या तुकड्यांत साठतो त्यांची) कॉपी सुरू होते. नेहमीच्या एनआरटी (निअर रिअल टाइम, बदल जवळजवळ लगेच दाखवणाऱ्या) रेप्लिकेत प्रत्येक जण आपापलं इंडेक्सिंग करतो, त्यामुळे दोघांचे सेगमेंट जुळत नाहीत आणि बहुतेक वेळा अख्खा इंडेक्सच नव्याने उतरवावा लागतो. अशात रीस्टार्ट केलात तर अर्धी झालेली कॉपी वाया जाते आणि सगळं पहिल्यापासून.

ही पूर्ण कॉपी टाइमस्टँप लावलेल्या नव्या फोल्डरमध्ये उतरते आणि ती पूर्ण होईपर्यंत जुना इंडेक्स तसाच राहतो. म्हणजे डिस्कवर त्या रेप्लिकेच्या दुप्पट जागा हवी. 80 जीबीच्या रेप्लिकेला 100 जीबीची डिस्क दिली असेल तर रोजचं काम सुरळीत चालेल, पण पहिल्याच पूर्ण रिकव्हरीत डिस्क भरेल, कॉपी फसेल आणि सोलर पुन्हा प्रयत्न करत राहील. हे चक्र बाहेरून बघताना नेटवर्कची अडचण वाटते. म्हणून रिकव्हरी फसली की मी आधी डिस्कची मोकळी जागा बघतो, मग बाकीचं. पीअरसिंकसाठी ठेवायच्या नोंदींची मर्यादा आम्ही काही हजारांवर नेली. त्याने ट्रान्झॅक्शन लॉग फुगतो, हे खरं. पण छोट्या खंडानंतर होणाऱ्या पूर्ण कॉपी जवळपास थांबल्या.

मुळात रेप्लिका का पडते? माझ्या अनुभवात दोष रेप्लिकेशनमध्ये क्वचितच असतो. आमचा एक नोड (सोलर चालवणारा सर्व्हर) जड इंडेक्सिंगच्या वेळी ठरल्यासारखा बाहेर जायचा. सोलरच्या लॉगमध्ये फक्त झूकीपरचं (कोणते नोड जिवंत आहेत यावर लक्ष ठेवणाऱ्या सेवेचं) सेशन संपल्याची ओळ. शेजारच्या खिडकीत जीसीचा (जावाच्या मेमरी-सफाईचा) लॉग उघडला आणि वेळा समोरासमोर लावल्या, तेव्हा दिसलं की प्रत्येक वेळी त्या ओळीच्या आधी जावा प्रोसेस पूर्ण थांबलेली होती. तेवढा वेळ हार्टबीट (मी जिवंत आहे हा ठराविक वेळाने जाणारा संदेश) गेला नाही, झूकीपरने नोड मेला असं धरलं, आणि परत आल्यावर रिकव्हरी. कारण निघालं एका फील्डवरचं सॉर्टिंग: त्याला डॉकव्हॅल्यूज (सॉर्टिंगसाठी डिस्कवर तयार ठेवलेली मूल्यं) नव्हत्या, त्यामुळे सगळी मूल्यं हीपमध्ये, म्हणजे जावाच्या स्वतःच्या मेमरीत, उभी राहत होती. फील्डची व्याख्या बदलून पुन्हा इंडेक्स केल्यावर तो नोड शांत झाला. अशा वेळी हीप वाढवत नेणं हा उपाय नाही. सोलर इंडेक्सच्या फाइल्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशमधून वाचतो. हीपला दिलेला प्रत्येक जीबी त्या कॅशमधून जातो, आणि मोठी हीप साफ करायला वेळही जास्त लागू शकतो.

झूकीपर सेशनचा टाइमआउट वाढवायचा सल्ला सगळीकडे मिळतो. सोलरकडे तो सध्या डीफॉल्टने 30 सेकंदांचा असतो. तो 60 लिहिलात तरी झूकीपर स्वतःच्या मर्यादेपलीकडे देत नाही, आणि ती मर्यादा टिक टाइमच्या (झूकीपरच्या वेळेच्या मूळ एककाच्या) 20 पट. टिक टाइम नेहमीचा 2 सेकंदांचा असेल तर 40 सेकंदांवर गाडी अडते. दोन्हीकडची सेटिंग बदलल्याशिवाय फरक पडत नाही. झूकीपरचा लॉगही डोळ्यांखालून घाला. एफसिंकला (डेटा डिस्कवर पक्का लिहिण्याला) अमुक मिलिसेकंद लागल्याची ताकीद त्यात वारंवार दिसत असेल तर त्याची डिस्क इतर कामांखाली दबलेली आहे. त्याला वेगळी डिस्क द्या, शक्य तर वेगळं मशीन. आणि झूकीपरच्या सर्व्हरची संख्या विषमच ठेवा: 3 मध्ये एक गेलेला चालतो, 5 मध्ये दोन, 4 मध्येही एकच.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे सगळं हिरवं दिसत असताना निकाल वेगळे येणं. रेप्लिकांची स्थिती नोंदवणाऱ्या स्टेट फाइलमध्ये 'अ‍ॅक्टिव्ह' लिहिलेलं असलं तरी नोड अचानक कोसळला असेल तर ती नोंद शिळी असते. ती लाइव्ह नोड्सच्या यादीशी ताडून बघावी लागते. नंतर प्रत्येक रेप्लिकेला डिस्ट्रिब=फॉल्स लावून (म्हणजे क्वेरी इतरांकडे न वाटता) थेट विचारा आणि एकूण आकडे तुलना करा. मात्र इंडेक्सिंग चालू असताना आकड्यांत थोडा फरक दिसणारच, कारण एनआरटी रेप्लिकांचे सॉफ्ट कमिट (नवे बदल शोधात दिसू लागण्याची पायरी) एकाच क्षणी होत नाहीत. लिखाण थांबवून, कमिट देऊन मग मोजा. सापडणारे दस्तऐवज सारखे आणि मॅक्सडॉक (पुसलेल्यांसह एकूण मोजणी) वेगळा असेल तर घाबरायचं कारण नाही. पुसलेले दस्तऐवज मर्ज (सेगमेंट एकत्र करणं) होईपर्यंत मोजणीत राहतात आणि प्रत्येक रेप्लिकेचं मर्ज स्वतंत्र असतं. पण त्याचा परिणाम स्कोअरवर होतो, आणि पान रीफ्रेश केलं की दोन निकाल जागा बदलतात. आमच्या वापरकर्त्यांना हे आमच्याआधी दिसलं होतं.

याचं टिकाऊ उत्तर मिळालं ते रेप्लिकेचा प्रकार बदलून. 7.0 आवृत्तीपासून, म्हणजे 2017 पासून, टीलॉग आणि पुल असे आणखी दोन प्रकार आहेत. टीलॉग रेप्लिका बदल ट्रान्झॅक्शन लॉगमध्ये लिहून ठेवते, पण तयार सेगमेंट लीडरकडून घेते. पुल रेप्लिका फक्त सेगमेंट घेते आणि कधीच लीडर होत नाही. आम्ही प्रत्येक शार्डला (इंडेक्सच्या एका वाट्याला) काही टीलॉग ठेवल्या, वाचनाचा भार पुलवर टाकला आणि शार्ड्स प्रेफरन्सने (कोणत्या रेप्लिकेला पसंती द्यायची ते सांगणाऱ्या सेटिंगने) क्वेरी तिकडे वळवल्या. सगळ्यांकडे तेच सेगमेंट, त्यामुळे निकालांची अदलाबदल गेली आणि सीपीयूही मोकळा झाला. किंमत आहे ती ताजेपणाची. लीडरकडे विचारणा ऑटोकमिटच्या (बदल आपोआप डिस्कवर पक्के होण्याच्या अंतराच्या) निम्म्या वेळाने होते: 15 सेकंदांचा ऑटोकमिट असेल तर दर साडेसात सेकंदांनी. शिवाय मोठ्या मर्जनंतर नेटवर्कवर एकदम ताण येतो. लिहिलेलं क्षणात दिसायलाच हवं असेल तर एनआरटीवरच राहा. दोन्हींची खिचडी मात्र करू नका.

शार्डला लीडरच मिळत नसेल तर थोडं थांबा. अद्ययावत रेप्लिका परत येण्यासाठी सोलर डीफॉल्टने तीन मिनिटं वाट बघतो. 7.3 पासून कोणाकडे सगळे बदल पोचले आहेत याची नोंद झूकीपरमध्ये 'टर्म' म्हणून असते, ती वाचा. फोर्सलीडर, म्हणजे जबरदस्तीने लीडर निवडण्याचा आदेश, हा शेवटचा उपाय: मागे पडलेली रेप्लिका लीडर झाली तर तिच्याकडे नसलेले बदल गेले. मूळ स्रोतातून ते पुन्हा इंडेक्स करता येणार असतील तरच ते बटण दाबा.

आणि एखादी रेप्लिका काही केल्या सावरत नसेल तर तिच्या फाइल्स हाताने पुसत बसू नका. दुसऱ्या नोडवर नवी रेप्लिका जोडा, ती अ‍ॅक्टिव्ह होऊ द्या, मगच जुनी काढा. शार्ड फार मोठे असतील तर यालाही खूप वेळ लागतो. आमचे दोन शार्ड त्या टप्प्यावर आले आहेत, त्यामुळे पुढचं काम ते फोडण्याचं.