मेंदूविकार तज्ज्ञांची ओपीडी, पुणे: पाचपैकी चार

कोविडनंतर खतावणी लिहिताना हातचा हमखास सुटायचा. घरचे म्हणाले, वय झालं. इथल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र चिठ्ठीच्या मागे मेंदू काढून समजावलं: विषाणू आत न शिरताही रक्तातली सायटोकाइन्स, म्हणजे प्रतिकारशक्तीचे निरोप नेणारी प्रथिनं, तिथल्या मायक्रोग्लिया या राखणदार पेशींना चेतवू शकतात, दाह रेंगाळला की लक्ष, स्मरण मंदावतं. ऑक्सफर्डचा २०२२ चा अभ्यासही सांगितला. ७८५ जणांचे दोन-दोन स्कॅन, आणि कोविड होऊन गेलेल्यांत, सौम्य आजारवाल्यांतसुद्धा, वासाशी निगडित भागांत करडं द्रव्य (चेतापेशींनी भरलेला मेंदूचा भाग) जरा जास्त घटलेलं. ‘ही सरासरी, तुमचं भविष्य नव्हे,’ हेही बजावलं. एमआरआय माथी मारला नाही. आधी बी-१२ आणि थायरॉईडची रक्ततपासणी. वेळ अकराची, नंबर दीडला. रिसेप्शनवरच्या बाईंचा तोरा विचारूच नका!