एरंडेल फोम + ज्यूट पॅनल, पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

भोसरीत आमचं छोटं सीएनसी राउटरचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनचं) काम आहे, कॅम्परव्हॅनची कपाटं, टेबलटॉप, पार्टिशन असलं हलकं सामान. मे महिन्यापासून प्लायऐवजी एरंडेल तेलाच्या पीयू (पॉलियुरेथेन) फोमचा कोर, म्हणजे मधला गाभा, आणि दोन्ही बाजूंना ज्यूट-इपॉक्सीची स्किन, म्हणजे पातळ थर, असं पॅनल वापरतोय, तर आता लिहायला हरकत नाही.

आधी ते 'शंभर टक्के बायो' प्रकरण. सप्लायर बिनधास्त छापतात, पण पीयू दोन रसायनांतून बनतं, त्यात पॉलिऑल तेवढं एरंडेलाचं, दुसरं आयसोसायनेट पेट्रोलियमचंच. टाकून दिलं की कुजून जाईल असं काही समजू नका.

नुसता फोम कापायला सोपाय, ताप फक्त धुळीचा. घाबरून फीड (बिट पुढे सरकायचा वेग) कमी ठेवला की बिट नुसतं घासत बसतं आणि पिठासारखी बारीक धूळ उडते. सिंगल फ्लूट (एकाच धारेचं) बिट, १८००० आरपीएम, ३००० मिमी प्रति मिनिट, म्हणजे फेरीला साधारण ०.१७ मिमी, यावर बरा जाडसर चुरा पडतो. मास्क आणि डस्ट कलेक्टर लागतोच. आणि थर्माकोलसारखं गरम तारेनं कापायच्या भानगडीत पडू नका, पीयू वितळत नाही, जळतं, आणि तो धूर विषारी असतो.

खरी डोकेदुखी ज्यूट. काचेचा धागा कडक, पटकन तुटतो, ज्यूट मात्र बिटसमोर वाकतो आणि कडेला धागे फुलवून ठेवतो. कॉम्प्रेशन बिट घ्या, ते वरची-खालची दोन्ही स्किन आत दाबत कापतं. फक्त पहिलाच पास बिटच्या खालच्या अपकट (वर ओढत कापणाऱ्या) भागापेक्षा खोल हवा, नाहीतर वरची स्किन उचलली गेलीच म्हणून समजा. राहिलेल्या धाग्यांना पातळ रेझिनचा हात मारायचा, सुकलं की घासायचं.

मजबुतीचं म्हणाल तर स्किन तीच ठेवून कोरची जाडी दुप्पट केली की वाकण्याविरुद्धचा ताठपणा जवळपास चौपट होतो आणि वजन फार वाढत नाही, म्हणून जड फोम मागण्याआधी जाड घेऊन बघा. फोम फुगताना त्यातले सेल (बारीक पोकळ्या) ज्या दिशेला लांबतात त्या दिशेनं तो जास्त दाब सोसतो, ते शीट कुठल्या बाजूनं कापलंय हे विचारा. आमच्या सप्लायरला सांगता येत नाही, आणि एकाच लॉटमधल्या शीटचं वजनही सारखं नसतं, आता प्रत्येक शीट काट्यावर ठेवूनच घेतो.

पॅनल आमच्याकडे मधोमध कधी मोडलं नाही, सुटलं ते स्किनच्या जोडावर. मशीन झालेल्या फोमचे सेल उघडे असतात आणि त्यात धूळ बसलेली असते, ती व्हॅक्यूमनं ओढून रेझिन-मायक्रोबलूनची (बारीक पोकळ गोळ्यांच्या पावडरीची) पातळ पुट्टी रगडायची आणि ओली असतानाच स्किन चढवायची, एवढं केलं की पकड जमीन-अस्मान वेगळी. ज्यूट आधी ओव्हनमध्ये सुकवा, हवेतलं पाणी भरपूर पितं. स्क्रू थेट फोममध्ये धरत नाही, मोठं भोक पाडून रेझिन भरा, मग त्यात इन्सर्ट (आट्यांची धातूची नळी) बसवा.

जुलैत जिथं कड सील नव्हती तिथं स्किन फुगली. टेबलटॉप, कपाटाची दारं यांना हेच वापरणार, ओल्या जागेच्या पार्टिशनला सध्या पीव्हीसीच.