घाटात मिसिंग मारणारी गाडी आणि उद्यमनगरचे मिस्त्री

आमची गाडी 2005 सालची. पेट्रोलवरची, चार सिलिंडरची, एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणारी. बाबांनी रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशांतून घेतली होती, ते गेल्यापासून मी चालवते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण वीस वर्षांत रबर कडक होणारच, त्यात कंपनीचा काही दोष नाही. लिहायचंय ते कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका लहान गॅरेजबद्दल. दोन महिने जे कोणाला सापडलं नाही ते तिथल्या मिस्त्रींनी शोधलं, आणि कसं शोधलं तेही मला शेजारी उभं करून दाखवलं.

दुखणं जूनच्या शेवटी सुरू झालं. आई रत्नागिरीला भावाकडे असते, अधूनमधून मी तिला इकडे घेऊन येते. येताना साखरपा मागे पडून आंबा घाटाचा चढ लागला की गाडी फुरफुरायची, मिसिंग मारायची, म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल मध्येच पेटायचं नाही. तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर निम्म्याच्या पुढे दाबला की झटके, कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखे. पाय जरा उचलला की शांत. सपाट रस्त्याला काही नाही, सिग्नलला आयडलिंगही एकसारखं. एकदा धुक्यात, मागे ट्रक असताना तिने असा काही दम सोडला की आईने डॅशबोर्ड घट्ट धरला आणि घाट संपेपर्यंत सोडला नाही. त्या दिवशी ठरवलं, हे असंच ढकलायचं नाही.

आधी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजेक्टर क्लीनिंग, एअर फिल्टर, फ्युएल फिल्टर असं करून 3,800 रुपये झाले. शहरात छान पळाली, पुढच्याच शनिवारी घाटात तेच. परत नेली तर म्हणाले, टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल ढकलणारा पंप बदला, 6,500 लागतील, आणि तरी राहिलं तर ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बघू. पंप खराब आहे हे कशावरून, असं विचारलं तर उत्तर आलं, "या गाड्यांचा पंपच जातो, मॅडम." मला ते पटलं नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते. मोजल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, हे मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले आहे.

आमच्या शाळेतल्या क्लार्कने हे गॅरेज सांगितलं. शेजारी लेथचं वर्कशॉप, समोर चहाची टपरी, आत जेमतेम दोन गाड्या मावतात. मिस्त्री पन्नाशीचे असतील. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी विचारलं, "कधी करते?" गाडी थंड असताना की तापल्यावर? टाकी भरलेली असताना की खाली आल्यावर? एसी लावला की वाढतं का? माझ्याकडे वही होती, तारखेवार लिहिलेली. त्यात एक ओळ होती : "पाऊस असला की जास्त." ती त्यांनी दोनदा वाचली. "लिहून आणलासा ते लई बरं झालं. निम्मं काम हितंच झालं बघा."

स्कॅनर त्यांनी लावला, ईसीएमने नोंदवलेल्या दोषाचा कोड एकही नाही. मला वाटलं, म्हणजे ईसीएमच्या दृष्टीने सगळं ठीक आहे. त्यांनी समजावलं की या जुन्या ईसीएमला मिसिंग ओळखताच येत नाही. आपल्याकडे ओबीडी-2, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून नोंदवणं, सक्तीचं झालं 2013 पासून. तेव्हापासूनच्या गाड्या कुठल्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे तेसुद्धा सांगतात. आमच्यासारख्या त्याआधीच्या गाड्यांचं दुखणं हातानेच शोधावं लागतं. कोड नाही म्हणजे दोष नाही, असं धरून चालायचं नाही.

पेट्रोलबद्दलही मी विचारलं. पेट्रोल पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि जुनी गाडी जरा कुरकुरली की सगळे बोट तिकडेच दाखवतात. मिस्त्रींनी ते हसण्यावारी नेलं नाही. लाइनमधून काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढलं आणि तासभर तसंच ठेवलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि तळाला थर दिसतो. बाटलीत थर नव्हता. टाकीजवळच्या रबरी होजला बारीक भेगा पडलेल्या मात्र त्यांनी दाखवल्या आणि दिवाळीआधी बदलून घ्या म्हणाले.

मग त्यांनी फ्युएल लाइनला प्रेशर गेज जोडलं, त्याचा लांब पाइप बॉनेटच्या फटीतून बाहेर काढला आणि गेज समोरच्या काचेवर बाहेरून चिकटपट्टीने बसवलं. ते गाडी चालवणार, मी काटा बघणार. पन्हाळ्याच्या चढाला लागलो. तिसरा गिअर, पाय खाली, आणि गाडीने झटके द्यायला सुरुवात केली. काटा तीन बारच्या आसपास होता तिथेच राहिला.

"हलला का?"

"नाही."

"मग पंपाचा नाद सोडा."

साडेसहा हजार वाचले ते तिथे, त्या चढावर. पंप दमला असता किंवा फिल्टर चोंदला असता, तर जोर लावताना काटा खाली आला असता.

परत आल्यावर त्यांनी एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला. टोक इंजेक्टरवर, मूठ कानाला. मलाही ऐकायला दिलं. चारही इंजेक्टर टिकटिक करत होते, सारख्या चालीत. इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, जोडांवर क्लीनरचा स्प्रे मारून पाहिला. कुठून हवा ओढली जात असती तर आरपीएम बदलले असते. बदलले नाहीत.

आता जे सांगणार आहे त्यासाठीच हे सगळं लिहायला बसले. संध्याकाळी सातला त्यांनी शटर अर्धं ओढलं, दिवे घालवले आणि इंजिन चालू ठेवून हात लांब ठेवायला सांगितलं. घरी इस्त्रीला वापरतो तसल्या पाण्याच्या फवाऱ्याने प्लगच्या वायरींवर अगदी बारीक तुषार उडवले. दोन नंबरच्या वायरीवरून, जिथे ती प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग बसतो त्या खोल खड्ड्यात, उतरते तिथून, केसाएवढी निळी रेघ उडून टॅपेट कव्हरला, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाला, चिकटली. मग परत. प्रत्येक वेळी बारीक "टक्" असा आवाज, आणि त्याच क्षणी इंजिनची चाल अडखळायची. दोन महिने जे फक्त सीटमधून जाणवत होतं ते मी त्या अंधारात डोळ्यांनी पाहिलं.

कारणही त्यांनी जुन्या प्लगवर दाखवलं. प्लगची गॅप, म्हणजे ठिणगी ज्या फटीतून उडते ती, झिजून वाढली होती. चढावर सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल जास्त भरतं, दाब वाढतो, आणि ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. तेवढं व्होल्टेज मोठ्या गॅपमधून उडी मारण्यापेक्षा वायरीच्या फाटक्या रबरातून सोपी वाट काढतं. ओल असेल तर आणखी सोपी. म्हणून घाटात, म्हणून पावसात. मल्टिमीटरवर तीन वायरी पाच-सहा किलोओहम रोध दाखवत होत्या, दुसरी तीसच्या वर, आणि जरा वाकवली की आकडा उड्या मारायचा. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ होती. नुसती वायर बदलून हा प्लग ठेवला, तर ठिणगी पुन्हा त्याच रेघेवरून जाईल म्हणाले.

एवढ्यावर ते थांबले नाहीत हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दोन नंबरचंच रबर का गेलं? टॉर्च मारला तर त्या विहिरीत ऑइल साचलेलं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळत होतं आणि ऑइलने वायरीची टोपी मऊ पडली होती. नुसते प्लग आणि वायरी बदलल्या असत्या तर वर्षभरात तेच झालं असतं. अ‍ॅव्हरेज सोळावरून बारावर का आलं तेही कळलं. न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन एक्झॉस्टमधल्या सेन्सरपर्यंत जातो, ईसीएम समजतं पेट्रोल कमी पडतंय, आणि आणखी सोडतं. ते कच्चं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणाऱ्या भागात, जाऊन पेटतं. दुखणं असंच चालू ठेवलं असतं तर कन्व्हर्टरही गेला असता.

बिल असं : वायरींचा सेट 1,450, चार प्लग 640, पॅकिंग 380, मजुरी 900. एकूण 3,370. जुने पार्ट पिशवीत घालून परत दिले.

तक्रारीही आहेत आणि त्या मनापासून सांगते. एक दिवस म्हणाले आणि गाडी तीन दिवस ठेवली. फोन उचलत नाहीत, दुपारी दोन ते चार तर नाहीच. बसायला जागा नाही, बिल वहीच्या पानावर मिळतं. मी आग्रह धरला तेव्हा पार्टचे नंबर लिहून दिले. घाईत असाल तर हे गॅरेज तुमच्यासाठी नाही. पण जुनी इंजेक्शनची गाडी असेल, दोन ठिकाणी पैसे घालून झाले असतील आणि तिसऱ्या ठिकाणी अंदाजाने पार्ट बदलून घ्यायचे नसतील, तर इथे जा. जाताना कधी होतं, कुठे होतं, पाऊस होता का, हे लिहून न्या. ते खरंच वाचतात.

त्यानंतर आंबा घाट तीनदा चढले, एकदा मुसळधार पावसात. तिसऱ्या गिअरमध्ये, एकही झटका नाही. हजार किलोमीटर झाल्यावर विहीर बघायला या म्हणून सांगितलं होतं, गेल्या आठवड्यात गेले. चारही वायरी काढून टॉर्चने पाहिलं, चारही विहिरी कोरड्या. पैसे विचारले तर म्हणाले, "नुसतं बघायचं काय घ्यायचं? होज मात्र विसरू नका."