अळिंबीच्या खोलीला पंखा: भिंतीतला की पाइपातला?

धिंगरी, म्हणजे ऑयस्टर अळिंबी, सोयाबीनच्या कुटारावर (मळणीनंतरच्या भुशावर) झकास येते, पण कोंदट खोलीत कार्बन डायऑक्साइड साचला की देठ लांबतात अन् छत्री बटणाएवढीच राहते. म्हणून पंखा हवाच.

दहा बाय दहाची, आठ फूट उंचीची खोली म्हणजे 800 घनफूट हवा. पाच मिनिटांत एकदा बदलायची तर मिनिटाला 160 घनफूट ओढणारा पंखा लागेल. खोलीची एक भिंत बाहेर उघडत असेल तर साधा 9 इंची एक्झॉस्ट पुरे: स्वस्त, अन् तालुक्याचा कोणताही वायरमन बसवतो. पण त्याला पाइप जोडला की दम जातो. माजघरासारखी आतली खोली असेल तर इनलाइन डक्ट फॅनच, म्हणजे पाइपाच्या मधेच बसणारा पंखा, घ्या. महाग खरा, पण वळणातूनही हवा रेटतो.

पंखा वर, समोरच्या भिंतीत खाली झरोका, त्यावर माशांसाठी बारीक जाळी अन् ओलं पोतं. वैशाखात पंखा सतत चालवाल तर अळिंबीच्या कुटार भरलेल्या पिशव्या वाळतील, टायमर लावा. हवा ओसरीकडे मात्र सोडू नका, धिंगरीच्या बीजाणूंनी घरातल्यांना खोकला लागतो.